शिवाराने दिलेली ओ

डोंगराच्या अलीकडच्या धामणखेडीत, देवळामागच्या ओवरीत येसूनाथ महाराज राहत, तेव्हाची ही गोष्ट. त्यांच्यापाशी आंधळी ठकूआजी रोज माळ ओढत बसे. पण तिच्या मण्यांवर देवाचे नाव नसे. "बाळंतिणीचं पाणी... आंबेदरा... भिक्याची उडी..." डोंगरापलीकडचे हिवरदरे हे तिचे माहेर. प्लेगात ते बेचिराख झाले होते, आणि ही त्याच्या शिवाराची नावे होती.

त्र्यंबकबुवा कीर्तनकारांना हसू आवरत नसे. "आजी, उडी भिक्यानं मारली. त्यानं तुला मोक्ष कसा मिळायचा?"

"मोक्ष नगं, बुवा. एकदा त्या मातीला पाय लागूंद्या. मग डोळं मिटंन. तसं ते मिटल्यालंच हायती."

"तिथं आता नुसतं काटेरी रान. तुला ओळखणार कोण?"

आजीच्या बोटांतला मणी पुढे सरकेना.

महाराज म्हणाले, "बुवा, उद्या तुम्हीच तिला घेऊन जा." महाराजांचा शब्द कोण मोडणार?

पहाटे दोघे निघाले. माथ्यावर पोचतात तोच धुके दाटले. बुवांच्या पायाखालचा धोंडा निसटला, आणि तो खाली आपटल्याचा आवाज फार उशिराने आला. बुवा मटकन खाली बसले. "आजी, संपलो आपण. वाट गेली."

आजीने हाक घातली, "भिक्याचे उडी, हाईस का गं?"

उजवीकडून उत्तर आले, "ओ!"

"हितनंच भिक्या शेळीमागं गेला कड्याखाली. डावीकडं व्हा, बुवा. आंबेदऱ्या, हाईस का रं?"

"ओ!"

आजी हाका मारी, शिवार ओ देई. बुवा तिचा पदर धरून लेकरासारखे मागोमाग उतरले. पायांना मऊ माती लागली, तशी आजी थांबली. आता हाक तिलाच आली, "ठके, किती वाट बघायची गं?"

"ओ," आजी म्हणाली, आणि मातीत बसून मनसोक्त रडली.

धुके विरले. पडक्या चौथऱ्यांवर माणूस नव्हते.

सांजेला दोघे परतले, तर महाराजांचा घसा पार बसलेला! सेवेकरी सांगू लागला, "सकाळपासून भिंतीकडं तोंड करून ओ देत होते. कुणाला म्हणून विचारलं, तर नुसते हसले."

बुवांनी महाराजांच्या पायांवर लोळण घेतली. महाराजांना बोलवेना. त्यांनी बुवांचे डोके हळूच उचलून ठकूआजीकडे वळवले.

"थांबा बुवा, पायाला माती हाय," आजी म्हणाली.

बुवांनी त्या मातीवरच कपाळ टेकले.