हजेरीचे बक्षीस

पुरस्कार समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब मोहोळकर निःपक्षपाती होते, असे ते स्वतःच सांगत. दुसरे कोणी सांगत नसल्यामुळे तेही काम त्यांच्याकडेच आले होते.

आयुष्यभर पडद्यावर आईच्या भूमिका केलेल्या कुमुदिनीबाई यंदा प्रथमच सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या. परंतु समारंभाच्या संध्याकाळी सांगलीला त्यांचा नाट्यप्रयोग होता. आप्पासाहेबांनी चित्रीकरणस्थळी येऊन सर्वांदेखत बजावले, "बाई, याल तरच पुरस्कार तुमचा. नाहीतर जी येईल तिला देऊ!"

बाईंनी हात जोडले. "आप्पासाहेब, शाळेतसुद्धा हजेरीचे बक्षीस वर्षभर येणाऱ्यालाच देतात. एका संध्याकाळच्या हजेरीवर मी ते कसे घेऊ? आजवर एकही समारंभ न चुकवलेले तुम्हीच. तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तुमचेच नाव पुकारा."