सोमा बहिऱ्याचं वल्हं

बसा. पाय आखडून बसा जरा, म्हणजे मागून येणाऱ्यांना जागा होईल. आणि ज्याला मध्येच शंका काढायची असेल त्यानं आत्ताच उठून घरी जावं. ही गोष्ट शंकेनं तुटते आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. माझं वय बघा आणि मला त्रास देऊ नका.

फार वर्षांपूर्वी आपल्या गावाला, या सुरंगवेळेला, धक्का नव्हता, पूल नव्हता, आणि आज जिथे बर्फाचा कारखाना आहे तिथे केवड्याचं बन होतं. खाडी मात्र इथेच होती आणि खाडीच्या तोंडाशी समुद्रही हाच होता. त्या काळी आपल्या या मासेमारांच्या वाड्यात सोमा नावाचा माणूस राहायचा. तो ठार बहिरा होता. लहानपणी त्याला मोठा ताप आला, आणि उतरताना तो ताप त्याचे कानही घेऊन गेला. बोलायला तो आधीच शिकला होता, म्हणून बोलायचा. पण स्वतःचा आवाज त्याला कळत नसे, त्यामुळे त्यानं कुणाच्या कानात काही सांगितलं तरी ते खाडीपलीकडच्या माणसाला ऐकू जायचं. त्याच्याशी गुपित बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

एका वर्षी नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ दिला आणि होड्या पाण्यात गेल्या. सोमाच्या दोन्ही हातांत जाळ्याची दोरी होती आणि वल्हं निसटायला लागलं. हात मोकळा नाही म्हटल्यावर त्यानं काय केलं, वल्ह्याची मूठ दातांत धरली. वल्ह्याचं पातं पाण्यात होतं. आणि सोमा एकदम हसायला लागला. असा हसला, असा हसला की होडी डुलायला लागली. बरोबरच्या लोकांना वाटलं, याला लागीर झालं.

"मासो गाता!" सोमा ओरडला. "अरे, मासो गाता रे!"

आता घोळ आणि ढोमा हे मासे बोलतात हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. जुने तांडेल अजून वल्ह्याला कान लावून त्यांची गुरगुर ऐकतात. पण कानाला ती शेजारच्या घरातल्या भांडणासारखी ऐकू येते, निम्मी कळते, निम्मी नाही. सोमाला ती दातांतून थेट डोक्यात ऐकू यायची. मासा कुठे आहे, किती आहे, पोटात अंड्यांची गाभोळी आहे का, सगळं तो सांगायचा. खेकडे वाळूवरून चालतात तो आवाज त्याला यायचा, शिंपला मिटतो तो यायचा, आणि अमावास्येला चंद्र पाण्याला ओढतो तेव्हा तळातून एक लांब हुंकार येतो तोसुद्धा यायचा, असं म्हणतात. मी नाही म्हणत, म्हणतात.

झालं. ज्याला गाव बहिरा म्हणून हाका मारत होतं तोच गावाचा कान झाला. तो बोट दाखवी तिकडे जाळं पडे आणि जाळं कधी रिकामं येत नसे.

सोमाच्या बायकोचं नाव भागी. त्यांना एक मुलगी झाली, ती शेवंती फुलण्याच्या दिवसांत झाली म्हणून शेवंती. या शेवंतीची जीभ म्हणजे चक्कीच. दिवसभर चालू. आणि जिच्या बोलण्यानं वाडा कावला होता तिचा एक शब्द तिच्या बापाला ऐकू येत नव्हता. तो तिच्या ओठांकडे बघत बसायचा, आणि वाईट वाटायचं हो, बघणाऱ्याला वाईट वाटायचं.

एकदा सोमा ओट्यावर बसून दातांत वल्हं धरून उगीच चाळा करत होता. वल्ह्याचं दुसरं टोक शेवंतीच्या मांडीवर होतं. पोर ती, तिनं त्या पात्याला तोंड लावलं आणि म्हटलं, "बाबा."

सोमानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग पोरीकडे बघितलं. तिनं पुन्हा म्हटलं, "बाबा." सोमा मोठ्यानं रडायला लागला, आणि तो रडतोय हे सगळ्या गावाला कळलं.

तेव्हापासून त्या घरात वल्हं कोपऱ्यात उभं राहिलं नाही. रोज संध्याकाळी शेवंती एका टोकाला आणि सोमा दुसऱ्या टोकाला. भागीनं बरेच दिवस लाजून काढले. नवऱ्याशी असं लाकडातून काय बोलायचं! शेवटी एकदा धीर करून तिनं वल्ह्याला तोंड लावलं. लग्नाला इतकी वर्षं झालेली, नवऱ्याच्या कानावर तिचा पहिला शब्द जायचा होता. भागी म्हणाली, "रातचे घोरू नकात. आख्खो वाडो जागो रवता."

हसा, हसा. सोमाही हसला होता.

पण सुखाला दृष्ट लागतेच. एक साल असं आलं की पौर्णिमेचा नारळ दिला, होड्या गेल्या आणि जाळी रिकामी आली. सोमा वल्हं दातांत धरून बसायचा आणि मान हलवायचा. समुद्र मुका झाला होता. गणपती आले आणि गेले. पाऊस सरला, भात पोटरीला आलं, खाडीचं गढूळ पाणी निवळलं, मासे किनाऱ्याला यायचे दिवस आले, आणि मासा नाही. चुलीवर नुसती पेज शिजायला लागली. गावानं रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं. माणसं उपाशी राहिली की त्यांना देव आठवतो आणि देवानं ऐकलं नाही की शेजारी दिसतो. होड्यांचा म्होरक्या होता केळू तांडेल. माणूस वाईट नव्हता, तोंडाचा फाटका होता. तो सोमाच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "ह्या चेडवाच्या बडबडीन मासो पळालो! दिवसभर वल्ह्यात तोंड घालून बोलता. ता सगळा पाण्यात उतारता, मासो भियाता!"

सोमाला यातलं काही ऐकू आलं नाही. ज्या पोरीबद्दल केळू बोलला तिला सगळं ऐकू आलं.

त्या दिवशी शेवंती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. बायका पितरांच्या जेवणाच्या गडबडीत होत्या. शेवंतीनं छोटी होडी सोडली आणि एक वल्हं घेऊन ती एकटीच खाडीच्या तोंडाशी गेली. तिथे तिनं वल्ह्याचं पातं पाण्यात घातलं, मुठीला तोंड लावलं आणि माशांना म्हणाली, "मी आता कधी बोलूचंय नाय. तुमी परत येवा. माज्या बाबाक सगळे बोल लावतत."

पोर ती! माशांची समजूत काढता काढता ओहोटी, सुकती लागलीय हे तिच्या ध्यानात आलं नाही. अमावास्येची सुकती कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. पाणी खाडीतून असं निघालं की होडी समुद्रात केव्हा गेली ते तिला कळलं नाही. आणि वरून धुकं उतरलं. असलं धुकं पुन्हा कुणी पाहिलं नाही. आपलाच हात लांब केला तर बोटं दुसऱ्याची वाटावीत, असं दाट.

गावाला कळलं तेव्हा सगळ्या होड्या निघाल्या. केळू तांडेल सर्वांत पुढे होता, कारण आपण काय बोललो ते त्याला आठवत होतं. सोमा त्याच्याच होडीत होता. माणसं शंख फुंकत होती, थाळे बडवत होती, "शेवंती गोऽऽ" म्हणून हाका मारत होती. धुकं त्या हाका गिळत होतं. सोमानं वल्हं पाण्यात घातलं, दात लावले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

मासे आले होते.

शेवंतीनं बोलावलं म्हणून म्हणा, नाहीतर त्यांची वेळ झाली म्हणून म्हणा, घोळीचा एवढा मोठा थवा कधी आला नव्हता. होड्यांच्या खाली, आजूबाजूला, तळापासून वरपर्यंत मासाच मासा होता आणि सगळे एकदम गात होते. पाणी थरथरत होतं. होडीच्या फळ्यांतून ते गाणं इतरांच्याही पायांना कळलं. भुकेली माणसं हो ती. हाका थांबल्या. एकदोघांचे हात जाळ्यावर गेले.

सोमा उठून उभा राहिला. "वल्ही वर काढा! सगळ्यांनी गप रवा! माका माजा चेडू आयकूचा आसा!"

कुणी हललं नाही. मग केळू तांडेलानं आपलं वल्हं पाण्यातून काढून आभाळाकडे उभं धरलं. त्याचं बघून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. जाळ्यावरचे हात परत आले. सगळ्या होड्या धुक्यात वल्ही उभी धरून गप्प राहिल्या. माणसं गप्प झाली, पण मासे गात होते, आणि त्यांच्या गाण्यापुढे सोमाला दुसरं काही ऐकू येईना.

तेव्हा सोमानं वल्ह्याला ओठ लावले आणि तो माशांशी बोलला. त्याला वाटलं, आपण अगदी हळू बोलतोय. पण ते प्रत्येक होडीला ऐकू गेलं.

"आजचो येक दीस गप रवा," तो म्हणाला. "माका माज्या चेडवाचो आवाज आयकू दे. मगे ह्या वल्ह्याक मी कधी दात लावूचंय नाय. तुमचा काय्येक आयकूचंय नाय."

आणि समुद्र गप्प झाला. लाट वाळूवर येऊन आवाज न करता परत गेली. असं म्हणतात की त्या वेळी वाड्यातली कुत्री भुंकायची थांबली आणि पितरांच्या पानावर बसलेले कावळे चोच उघडी ठेवून तसेच बसून राहिले.

त्या शांततेत सोमानं पुन्हा दात लावले. पार लांबून, पाण्याच्या तळातळातून एक आवाज आला. "बाबा, मी हंय आसंय. बाबा, मी हंय आसंय."

ती पोर शहाणी होती. वरून कितीही हाका मारल्या तरी आपल्या बापाला ऐकू येणार नाही, हे तिला सगळ्या गावापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून तिनं हाका मारल्याच नव्हत्या. वल्हं समुद्रात घालून, मुठीला तोंड लावून, मी इथे आहे, एवढंच ती बोलत राहिली होती. सोमानं बोट दाखवायचं, केळूनं थोडं वल्हवायचं, मग थांबून सोमानं ऐकायचं, असं करत ते गेले. काळ्या खडकाच्याही पलीकडे ती होडी सापडली. शेवंतीचे ओठ खाऱ्या पाण्यानं सुजले होते आणि घसा इतका बसला होता की शेजारी उभ्या असलेल्या केळूलाही तिचा शब्द कळला नाही.

सोमानं तिला उचलून घेतलं. ती त्याच्या खांद्यावर तोंड ठेवून काहीतरी बोलली. त्याला ते ऐकू आलं नाही. त्यानं वल्हं हळूच होडीत ठेवून दिलं.

त्या दिवशी एकाही होडीनं जाळं टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी टाकलं, आणि मासा तिथेच होता. तेव्हापासून तो दर वर्षी याच दिवसांत आपणहून खाडीच्या तोंडाशी येतो.

पण सोमानं शब्द पाळला. शेवंती वल्हं घेऊन यायची आणि तो तोंड फिरवायचा. लोकांनी समजावलं, अरे, घरातल्या ओट्यावर कुठला आलाय मासा? तो म्हणायचा, "दिलेला वचन आसा." पोर मिळाली आणि पोरीचा आवाज त्याला पारखा झाला. ती मोठी झाली, खाडीपलीकडे नांदायला गेली. निघताना ती काय बोलली ते त्यानं तिच्या ओठांकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला, आणि त्याला नीट ओळखता आलं नाही, असं म्हणतात.

वर्षं गेली. सोमा म्हातारा झाला, अंथरुणाला लागला. भागी त्याच्यासाठी पेज ढवळत होती. ढवळता ढवळता तिचा हात थांबला. ही मऊ पेज आपण रोज का करतो? म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात उरला नाही म्हणून. भागी पळी टाकून उठली आणि तिनं पलीकडे होडी पाठवली.

शेवंती आली तेव्हा तिच्या केसांतही पांढरं शिरलं होतं. माळ्यावरचं वल्हं खाली काढलं. ते बघून सोमानं ओठ घट्ट मिटले. भागीनं सरळ त्याच्या तोंडात बोट घातलं आणि सगळ्या वाड्याला बोळकं दाखवलं. "वचन दातांचा होता. दात खंय आसत? सांगा!"

थकलेला केळू तांडेल काठी टेकत आला होता. तो वाकून बघून म्हणाला, "नाय. पण माशांका विचारूक होया."

मग सोमाला घोंगडीवर घालून होडीत नेलं. पाणी तेव्हाही गात होतं, दिवस तेच होते. पातं पाण्यात सोडलं, मूठ सोमाच्या हिरड्यांना टेकवली, आणि समुद्र पुन्हा एकदा गप्प झाला. शेवंती वाकली आणि तिनं लाकडाला तोंड लावलं. ती काय बोलली ते कुणाला कळलं नाही. सुकती संपून भरती लागली तरी ती बोलतच होती, एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं ते. सोमा पहिल्यांदा हसला होता तसा हसला आणि होडी डुलली. मग त्यानं तिच्या कानाशी तोंड नेऊन अगदी हळू काहीतरी सांगितलं, आणि ते साऱ्या किनाऱ्यानं ऐकलं.

"आयकतंय गो बाय. बोल."

भरती पुरी झाली तेव्हा सोमा नव्हता.

म्हणून सुरंगवेळेत सर्वपित्रीला जाळं टाकत नाहीत. सगळ्या होड्या खाडीच्या तोंडाशी जातात, वल्ही उभी धरतात आणि भरती लागेपर्यंत कुणी शब्द बोलत नाही. मग प्रत्येक घरातली मुलगी वल्ह्याला तोंड लावून म्हणते, "बाबा, मी हंय आसंय," आणि बाप दुसऱ्या टोकाला दात लावून ते ऐकतो. सासरी गेलेल्या मुलीसुद्धा त्या दिवशी येतात, म्हाताऱ्या झालेल्यासुद्धा.

काय रे? विचारलीस ना शेवटी शंका! कान धड आहेत त्या बापांचं काय म्हणतोस? अरे लेका, कान धड असलेले बाप घरी कुठे ऐकतात! जा, तुझ्या बहिणीला सांग, उद्या अमावास्या आहे. आणि बापाला सांग वल्हं धुऊन ठेवायला.