एस्तरबाईची काळी भिंत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. तेव्हा धामणदरीत वाचता येणारी माणसं तीन होती आणि तिघंही पाटलाच्या घरातली होती. त्या धामणदरीत एका उन्हाळ्यात बैलगाडीतून पाळक शमुवेल आले, आणि पाट्यांची पेटी मांडीवर घट्ट धरून त्यांची बायको एस्तरबाई आली.

असं म्हणतात की पाळकांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत पाय ठेवला आणि वस्तीच्या आटलेल्या विहिरीला पाणी आलं. म्हणोत. एस्तरबाईने दुसऱ्याच दिवशी पदर खोचला, बाया गोळा केल्या आणि गाळ उपसला, हे कुणी म्हणत नाही.

पाळक वाईट नव्हते. मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, गळा गोड, स्वभाव मऊ. कुणी अंगावर धावून आलं तर हेच त्याची माफी मागायचे. बाई तशी नव्हती. असं म्हणतात की ती रागावली की शेजारच्या चुलीवरचं दूध उतू जायचं.

तिने छपराखाली शाळा मांडली. आधी पोरं आली. बाई म्हणाली, पोरीही पाहिजेत. बापे हसले. "पोरीले कायले वो बाई? पोरगी काय कलेक्टर होणार हाये?"

"देवाने तिला डोळे दिलेत ते काय नुसते चुलीच्या धुराने चुरचुरायला?" बाई म्हणाली.

मग पोरी आल्या. कडेवर धाकटी भावंडं घेऊन आल्या. बाईने भावंडांना वाकळेवर ओळीने निजवलं आणि पोरींच्या हातात पाट्या दिल्या.

दोन वर्षं बरी गेली. मग एक दिवस चावडीवर सरकारी कागद आला. वस्ती पायऱ्यांखाली उभी होती, वर चढायची मुभा नव्हती. पाटलाने कागद वाचला, की साहेबाचा मुक्काम पडणार आहे, वस्तीतल्या घरटी एका माणसाने आठ दिवस वेठीला यावं, सरकारचा हुकूम आहे. माणसांनी माना खाली घातल्या. कोतवालाने कागद बाहेरच्या खांबाला चिकटवला. नऊ वर्षांची चंद्री, एस्तरबाईची शिष्या, खांबापाशी गेली आणि एकेक अक्षर बोटाने धरत वाचू लागली.

"तसं नाई लिवलं," ती म्हणाली.

"काय म्हंतं वं?" पाटील गरजला.

"याच्यात लिवलं हाये, कोणाले वेठीले धरू नये. तुमी उलटं वाचलं, मालक."

असं म्हणतात की त्या वेळी चावडीवरचं कबुतरही हललं नाही. वर्षानुवर्षं किती कागद उलटे वाचले गेले असतील, ते त्या एका घटकेत सगळ्या वस्तीला कळलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पाटलाची चार माणसं शाळेवर आली. एकेक पाटी उंबऱ्यावर आपटून फोडली. बाई आडवी झाली, तिला ढकलून दिलं. पाळक हात जोडून उभे होते.

ती माणसं गेल्यावर बाईने विचारलं, "हात कुणाला जोडले होते?"

"देवाला, एस्तर."

"देव वर होता. ते चौघे समोर होते."

तिचं कपाळ फुटलं होतं. ते तिने बांधलंही नाही. बायांना हाक मारली, तव्याखालची काजळी आणा, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कोळसा आणा. शेणात काजळी कालवली, बाभळीचा डिंक घातला आणि स्वतःच्या घराची भिंत वरपासून खालपर्यंत काळी सारवली. "आता फोडा म्हणावं," ती म्हणाली. आठवड्यात वस्तीतल्या अकरा घरांच्या भिंती काळ्या झाल्या. पोरी भिंतीसमोर उभ्या राहून लिहायला लागल्या.

पाटलाने बाईच्या भिंतीला चुना फासायला लावला. असं म्हणतात की सकाळी चुन्यातून अक्षरं वर आली, अ पासून ज्ञ पर्यंत. हे मात्र आमच्या बायाही म्हणतात, तेव्हा ते खरं.

मग पाटील घोड्यावर बसून मिशनच्या मोठ्या साहेबाला भेटून आला. काय बोलला ते त्या दोघांना ठाऊक. मेथॉडिस्टांची रीत अशी, की वर्षातून एकदा सभा भरते, नावं वाचली जातात आणि पाळकाला सांगतील तिथे जावं लागतं. का म्हणून विचारायचं नाही. त्या वर्षी सभेत वाचलं गेलं, पाळक शमुवेल, नदीपलीकडे, बारा कोसांवर. धामणदरीला दुसरा पाळक मिळणार नाही, शाळा बंद.

पाळक सभेहून आले आणि दारातच म्हणाले, "एस्तर, सामान बांध."

"बदली कुणाची?"

"आपली."

"कागद दाखवा." तिने कागद वाचला. "यात तुमचं नाव आहे. माझं कुठे आहे?"

"बायकोचं नाव वेगळं लिहीत नाहीत, एस्तर."

"मग बायकोची बदलीही झाली नाही."

पाळक रडले. तिने समजूत घातली नाही. गाडी निघाली तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बाराखडी लिहीत होती. चाकांचा आवाज थांबेपर्यंत तिने मान वळवली नाही.

गावाला आयतंच मिळालं. नवऱ्याने टाकली म्हणाले. पाणवठ्यावर चेष्टा झाली. मिशनने खडू बंद केला. बाई विटेच्या तुकड्याने लिहायची.

पुढच्या सोमवारी दुपारी पाळक चालत आले, डोक्यावर पांढऱ्या मातीच्या खड्यांचं गाठोडं. रविवारी उपासना उरकून निघाले होते. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "लिहायला आणलंय." तिने गाठोडं घेतलं, पाणी दिलं, बोलली नाही. ते दर सोमवारी आले. ती बोलली नाही.

मग नदीला पूर आला. असं म्हणतात की पाणी दुभंगलं आणि पाळक कोरड्या पायांनी अलीकडे आले. हे ऐकलं की म्हातारपणीसुद्धा बाई फणकारायची, "कोरडे कसले! नाकातोंडात पाणी गेलं होतं त्या माणसाच्या. कोरडं होतं ते गाठोडं." मग डोळे पुसायची, आणि कुणी बघितलं तर म्हणायची, खडू गेला डोळ्यात.

त्या दिवशी तिचा नवऱ्यावरचा राग गेला. बाकीच्यांवरचा शेवटपर्यंत गेला नाही, आणि का जावा?

एकतीस वर्षं ती भिंत शाळा होती. पाटलाची नातसुद्धा तिच्यासमोर उभी राहून लिहायला शिकली. आधी पाळक गेले, दोन वर्षांनी बाई गेली. मग पंचवीसेक वर्षांनी मंडळीच्या पंचांना जाग आली. त्यांनी भिंतीपुढे दगड बसवला, हार घातला, मोठमोठी माणसं बोलावली. एक जण भाषणात म्हणाला, या दगडावर धामणदरीचा इतिहास कोरला आहे.

चंद्री तेव्हा म्हातारी झाली होती. काठी टेकत पुढे आली आणि दगडावर बोट धरून मोठ्याने वाचलं. "पाळक शमुवेल यांनी येथे शाळा स्थापून ती एकतीस वर्षे चालविली." अजून खाली वाकून पाहिलं. खाली काही नव्हतं.

"तसं नाई झालं," ती म्हणाली.

पंच म्हणाले, "आजी, बसा आता."

ती बसली नाही. घरी गेली, तव्याखालची काजळी आणि शेण घेऊन आली आणि सगळ्यांसमोर तो दगड काळा सारवला. हार काढून बाजूला ठेवला. मग खडूने वर लिहिलं, एस्तरबाई.

आजही शाळा सुरू होते त्या दिवशी धामणदरीतल्या बाया तो दगड सारवतात, आणि पहिलीतली सगळ्यात लहान पोरगी त्यावर बाईचं नाव लिहिते. पावसात ते धुऊन जातं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहितात. पंच दरवर्षी ओरडतात की दगड खराब होतो.

बाया म्हणतात, खराब नाही होत, दुरुस्त होतो.