बिनकठड्याचा साकव

एका ओढ्याकाठच्या गावात एक पंचमंडळ होते. त्या मंडळाला एकाच गोष्टीचा भारी अभिमान होता: तिथला प्रत्येक ठराव एकमताने मंजूर होई. शेजारच्या गावांत पंच हमरीतुमरीवर येत. इथे मात्र मुख्य पंचांनी विचारायचा अवकाश, की सगळे हात वर! मग पेढे खायचे आणि घरी जायचे.

त्यातला सर्वांत धाकटा पंच ओढ्यापलीकडच्या आळीत राहत असे. माणूस भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या आळीतून गावात यायला लाकडी साकव होता. त्या चिंचोळ्या पुलाचा कठडा मागच्या पुरात वाहून गेला होता.

एका सकाळी त्याची बायको म्हणाली, "आज सभेत कठड्याचं तेवढं बोला हो. आपली पोर रोज त्यावरून शाळेत जाते. ती घरी येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

"बोलतो. आज नक्की बोलतो."

"बाबा, कठडा लाल रंगाचा करा हं!" लेक म्हणाली.

सभेत मुख्य पंच उठले. "मंडळी, गावाकडे एकाच कामापुरता पैसा आहे. वेशीवर दगडी कमान बांधू. येणाऱ्या-जाणाऱ्यानं म्हटलं पाहिजे, गाव असावं तर असं! काय, मंजूर?"

सगळे हात वर गेले. धाकट्याचा तेवढा मांडीवरच राहिला.

मुख्य पंच म्हणाले, "का हो, तुमच्या मनात काही आहे का? असेल तर सांगा."

सगळे त्याच्याकडे वळून पाहू लागले. शेजारचा पंच कुजबुजला, "अहो, असं आजवर कधी झालं नाही. पेढेसुद्धा आलेत."

शब्द ओठांवर आले होते. पण एवढ्या मोठ्या माणसांत आपणच एकट्याने मोडता कसा घालायचा?

"छे, काही नाही," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला.

घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, "पुढच्या सभेत बघू."

कमान उभी राहिली. खरेच देखणी झाली. पावसाळ्यात ओढा फुगला. शाळा सुटल्यावर लेक साकवावरून येत होती. ओल्या फळीवर तिचा पाय घसरला आणि धरायला तिथे काही नव्हते.

पुढच्या सभेत मुख्य पंच उठले. त्यांनी दुखवट्याचा ठराव मांडला, त्यातच वर्गणी काढून साकवाला ताबडतोब कठडा बांधायचे सांगितले. सगळे हात वर गेले. बापाचा हात काही केल्या उचलेना.

मुख्य पंच त्याच्याजवळ येऊन बसले. डोळे पुसत म्हणाले, "अहो, त्या दिवशी मी विचारलं होतं ना तुम्हाला? एक शब्द बोलला असता, तर कमान ठेवली असती बाजूला. आम्ही काय तुमचे वैरी होतो?"

या सभेला पेढे कुणी आणलेच नव्हते.

आठवडाभरात कठडा तयार झाला. गावाने त्याला रंग द्यायला माणूस पाठवला, पण बापाने त्याच्या हातातला कुंचला मागून घेतला. मग त्याने एकट्याने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा कठडा लाल रंगवला.

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: चारचौघांत आपल्या माणसांसाठी बोलायची वेळ आली, तर भीड धरू नये. कठडा मागाहून बांधता येतो, गेलेले माणूस मागाहून आणता येत नाही.