ठकूबाईच्या वळणावरची शिवी

घाटात डांबर आलं नव्हतं आणि आपल्या आज्या परकरात हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. पिंपळकोंडात ठकूबाई मिस्त्रीण राहायची. बाप लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचा, तो गेला आणि त्याचे पाने-पकडी तिच्याकडे आले. नुसता कान लावून ती इंजिनाचं दुखणं सांगायची, असं म्हणतात.

गावात ट्रक एकच, रंगराव मालकांचा. म्हातारा, पेट्रोलवर चालणारा, पण वाघजबड्याचा घाट चढून माणूस दवाखान्यात पोचवायचा तो तोच. त्याचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला हवेत पेट्रोल मिसळून पाजणारा भाग, पार झिजला. ठकूबाईने चालत्या इंजिनाच्या तोंडावर तळहात धरला, त्याचा श्वास जोखला आणि सांगितलं, "याला जीपगाडीचा पुरतो. माझ्याकडं आहे."

जीपगाडीचं नाव काढताच मालकांना कमीपणा वाटला. त्यांनी शहरातून भल्यामोठ्या लॉरीचा पितळी कार्बोरेटर आणून बसवला. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली.

ठकूबाई भडकली. "मालक, तान्ह्या पोराला बोंडल्यानं पाजतात का घागरीनं? नळी रुंद झाली की आतली हवा रेंगाळते. पेट्रोलचा तुषार होत नाही, ते नुसतं गळतं. सपाटीला पळेल तुमचा ट्रक, पण चढाला ठसका लागून मरेल. काढा तो!"

मालक मिशीत हसले. "पूजा झालेली वस्तू काढत नसतात. आणि ठके, आधी तुझी चूल पेटते का बघ."

"माझी पेटलीय, मालक. तुमचं इंजिन पेटतंय का बघा."

महिनाही गेला नाही आणि गावात पटकीची साथ आली. सात पोरं ट्रकात घातली, त्यांच्या आया शेजारी बसल्या. ठकूबाई चढायला गेली तर मालक ओरडले, "हे अपशकुनी तोंड गाडीत नको!"

ट्रक धूळ उडवत निघून गेला. ठकूबाईने जीपचा कार्बोरेटर आणि तो बसवायला कापलेली पत्र्याची चकती ओच्यात बांधली, पाने कमरेला खोचले आणि उभ्या पाऊलवाटेने घाट धरला. वाटेतले दगड आपणहून बाजूला होत होते, असं म्हणतात. तिला मात्र दगड दिसत नव्हते. ती दात खाऊन पळत होती आणि मनात एकच होतं, कुठल्या वळणावर मेला असेल तो?

तिसऱ्या वळणावर. काळा धूर ओकून ट्रक गप्प झाला होता. आया पोरांना पदराने वारा घालत होत्या. कोंडाबाईची चंपी तर डोळेच उघडत नव्हती.

ठकूबाईने बॉनेट उघडलं. तापल्या लोखंडावरचे नट तिने नुसत्या बोटांनी सोडवले, आणि हाताला फोड आला नाही, असं म्हणतात. तो पितळी कार्बोरेटर माळेसकट तिने दरीत भिरकावला. तळाला आपटल्याचा आवाज अजून आलेला नाही. जीपचा बसवला, आणि पहिल्याच हँडलला इंजिन असं पेटलं की उरलेला घाट ट्रकने श्वास न घेता चढला.

सहा पोरं जगली. चंपी दवाखान्याच्या पायरीवर गेली.

ठकूबाई परत आली ती सरळ मालकांच्या अंगणात. "मालक," ती म्हणाली, "पावली तुमची पूजा."

मालकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. म्हणाले, "त्या वळणावर तुझ्या नावानं देऊळ बांधतो."

"खबरदार! माझ्या नावानं तिथं नारळ फुटला तर हात तोडीन. माझं नाव घ्यायचंच असेल त्यानं तुम्हाला शिवी घालावी."

आजही ठकूबाईच्या वळणावर नारळ फुटत नाही. वर जाणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते. ड्रायव्हर दरीकडे तोंड करून म्हणतो, "ठकूबाईच्या नावानं, रंगराव, तुझ्या मोठेपणाला आग लागो!" मग सगळी गाडी म्हणते. लेकुरवाळ्या बायका आधी तान्ह्याचे कान झाकून घेतात, आणि मग सगळ्यांत मोठ्याने त्याच म्हणतात.