हाताच्या अंतरावर

कोल्हापुरात एक वृद्ध संकलक राहत असत. संकलन म्हणजे नेमके काय, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चित्रीकरण करणारे दहा-बारा तासांची दृश्ये आणून देतात. त्यांतले काय ठेवायचे, काय काढायचे आणि एका दृश्यावरून दुसऱ्यावर कोणत्या क्षणी जायचे, हे जो ठरवतो तो संकलक. या गृहस्थांनी तारुण्यात फिल्मच्या पट्ट्या हाताने कापल्या आणि चिकटवल्या होत्या. पुढे पट्ट्यांचा काळ संपला, तेव्हा साठीच्या घरात असताना ते संगणक शिकले. त्यांना सारे अण्णा म्हणत. पत्नी फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हते. आता ते क्वचितच काम घेत, पण शिकवत मात्र असत.

त्यांच्याकडे शर्वाणी नावाची एक शिष्या चार वर्षे येत होती. तीस वर्षांची, अविवाहित, आईवडिलांजवळ राहणारी. हात चांगला होता. अण्णा तोंडावर कौतुक करत नसत, पण एखाद्या जोडकामापाशी ते क्षणभर थांबत आणि पुन्हा मागे नेऊन पाहत, तेव्हा तिला कळे की जमले.

एके दिवशी तिचा जुना संगणक बंद पडला तो पडलाच. नवे काहीतरी घेणे भाग होते आणि एकच वस्तू घेण्याची ऐपत होती. टॅबलेट घ्यावा की कॉम्प्युटर, हा प्रश्न तिने चार जणांना विचारला. पुण्याची मैत्रीण सगळे काम टॅबलेटवर करी. ती म्हणाली की, बोटाने दृश्य धरता येते, पेनने खूण करता येते, कुठेही बसता येते. दुसऱ्या एकाने सांगितले की, आवाजाचे आठ थर आणि रंगांची बारीक दुरुस्ती करायची तर मोठ्या पडद्याला पर्याय नाही. शर्वाणीचे मन कॉम्प्युटरकडेच झुकत होते. अण्णांचे मत तर तिला ठाऊक होते. टॅबलेटवर काम करताना आपलाच हात चित्रावर येतो आणि जे पाहायचे तेच झाकले जाते, असे ते नेहमी म्हणत. तेव्हा ती केवळ दुजोरा घ्यायला गेली.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि भलताच प्रश्न विचारला.

"तुझे बाबा कुठल्या खोलीत असतात आता?"

तिचे वडील टपाल खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपासून त्यांची फुप्फुसे निकामी होत चालली होती. घरात ऑक्सिजनचे यंत्र आणून ठेवले होते. बाबा समोरच्या खोलीत खाटेवर असतात आणि आपण वरच्या खोलीत काम करतो, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी काय सांगितले आहे, तेही अण्णांनी विचारले. दिवाळीपर्यंत, एवढेच ती म्हणाली.

"मग टॅबलेट घे."

ती चकित झाली. अण्णांनी कारण दिले नाही आणि तिने मागितलेही नाही. मित्रमंडळींत मात्र ही गोष्ट पसरली आणि म्हातारपणी अण्णांचे डोके फिरले, असे एक-दोघे हसत म्हणाले. शर्वाणीने टॅबलेट घेतला.

पहिला महिना-दीड महिना तिला अण्णांच्या सल्ल्याचे मोल कळले असे वाटले. गुळाच्या एका व्यापाऱ्याने तिला काम दिले होते. त्यांच्या पेढीला पंचाहत्तर वर्षे होत होती आणि समारंभात दाखवायला अर्ध्या तासाचा माहितीपट हवा होता. शर्वाणी खाटेशेजारी खुर्ची टाकून बसे आणि मांडीवर टॅबलेट ठेवून काम करी. वडील कुशीवर वळून बघत. पडद्यावर काहिलीत, त्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळताना दिसला की ते म्हणत, "वरची मळी काढायला उशीर करतोय तो." एका दृश्यात चुलाणात जळण सारणारा माणूस कॅमेऱ्याकडे पाहून लाजला होता. ते दृश्य त्यांनी तिला चार वेळा दाखवायला लावले आणि प्रत्येक वेळी हसले. हसले की खोकला येई. आई आतून ओरडे की त्यांना हसवू नकोस. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसल्याबद्दल ओरडा खात होते.

मग समारंभाची तारीख जवळ आली.

निवेदनाचा आवाज आणि पार्श्वसंगीत यांचे काम सुरू झाले. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर सतत चाले, स्वयंपाकघरात कुकर वाजे. बारीक आवाज ऐकू येईनात. शर्वाणीने हेडफोन लावले. पूर्वी ती चहाला उठे, जेवायला उठे. आता उठायची गरज नव्हती. काम मांडीवर होते, वडील शेजारी होते, आणि आई ताट हातात आणून देई. सकाळी आठला ती खुर्चीत बसे ती अंधार पडेपर्यंत. शेजारपाजारचे म्हणत, मुलगी काय सेवा करते, बापाच्या उशाशी बसून असते. तिलाही ते खरे वाटे.

मध्येच वडिलांचे ओठ हललेले तिला दिसत. ती एका कानावरचा हेडफोन उचलून विचारी, "काय बाबा?" ते क्षणभर तिच्याकडे पाहत. मग म्हणत, "काही नाही, चालू दे." ती हेडफोन पुन्हा कानावर ठेवी. दिवसातून असे कितीदा होई, हे तिने मोजले नाही. पुढे ओठ हलायचे कमी झाले, तेही तिच्या लक्षात आले नाही.

एका मंगळवारी दुपारी ती एका जागी अडली होती. काहिलीतून गूळ ओतला जातो आणि त्यानंतर पेढीच्या संस्थापकांचा जुना फोटो येतो. फोटो क्षणभर लवकर येत होता. तिने दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाचा जेमतेम बारावा भाग, वाढवल्या. पाहिले. एक कमी केली. पुन्हा पाहिले. तेव्हा खांद्यावर हात पडला. आई औषधाचे पाणी घेऊन आली होती. आईचे ओठ हलत होते, पण ऐकू येत नव्हते. शर्वाणीने हेडफोन काढला.

"अगं, बाबांकडे बघ," आई म्हणत होती. "बाबांकडे बघ."

ऑक्सिजनचे यंत्र चालूच होते. वडिलांचा चेहरा तिच्याच दिशेने वळलेला होता. डॉक्टर आले आणि म्हणाले की, जाऊन वीस-पंचवीस मिनिटे तरी झाली असावीत. खुर्ची आणि खाट यांच्यामध्ये हातभर अंतर होते.

दिवस झाले. व्यापारी भेटायला येऊन गेले. समारंभ पुढे ढकलला आहे, तुमच्या सवडीने होऊ द्या, असे अतिशय सौजन्याने म्हणाले. पण शर्वाणीला टॅबलेट उघडवेना. चौदाव्या दिवशी ती तो पिशवीत घालून अण्णांकडे गेली. उरलेले काम तुम्ही पुरे करा, मी हे सोडते आहे, असे तिने सांगितले. अण्णांनी कारण विचारले तेव्हा तिने सगळे सांगितले, काही न वगळता. आवाज चढवला नाही. फक्त शेवटी म्हणाली,

"तुम्ही म्हणालात म्हणून मी टॅबलेट घेतला, अण्णा. वरच्या खोलीत असते तर निदान खाली येऊन विचारलं असतं, कसे आहात म्हणून. जिना उतरून आले असते तर त्यांच्याकडे नीट बघितलं असतं. शेजारीच होते, म्हणून बघितलं नाही."

 अण्णांनी तिच्यासमोर टॅबलेट उघडला आणि विचारले, "कुठला कट करत होतीस?"

तिला हा प्रश्न निर्दय वाटला. तरी तिने जागा दाखवली. गूळ ओतला गेला, धार बारीक झाली, तुटली, आणि तो जुना फोटो आला. अण्णांनी ते मागे नेऊन पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा पाहिले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एक फ्रेमसुद्धा इकडेतिकडे करता येणार नाही."

हे ऐकून ती वडील गेल्यापासून प्रथमच रडली. अण्णांनी तिला थांबवले नाही.  ती शांत झाल्यावर ते बोलू लागले.

"माझी बायको तीन महिने अंथरुणावर होती. कॅन्सर. स्टुडिओ घरापासून सायकलने वीस मिनिटं. चित्रपट शुक्रवारी लागायचा होता. तेव्हाचं संकलनाचं टेबल चार माणसांना उचलत नसे, ते घरी कुठून आणणार? ती म्हणाली, आज थांबता का. मी म्हटलं, एवढं शेवटचं रीळ झालं की येतो. दुपारी निरोप्या आला. चौतीस वर्षं झाली. चौतीस वर्षं मी मनाशी एकच म्हणतोय, ते यंत्र उचलण्यासारखं असतं तर मी तिच्यापाशी असतो. तू विचारायला आलीस, तेव्हा मला तुझं काम दिसलंच नाही. मला माझंच घर दिसलं. म्हणून म्हटलं, टॅबलेट घे."

 खाली शाळा सुटली होती, मुलांचा गलका वर येत होता.

"आज तुझं ऐकून कळलं. यंत्र घरी आलं असतं, तर मी तिच्या खाटेपाशी बसून तेच रीळ कापलं असतं. ती थांबता का म्हणाली होती. शेजारी बसून काम करा, असं नव्हती म्हणाली. इतकी वर्षं मी त्या टेबलाच्या वजनाला दोष दिला, कारण स्वतःला दिला असता तर जगता आलं नसतं. आणि तेच तुझ्या गळ्यात घातलं. माझं चुकलं, पोरी."

चार वर्षांत तिने हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.  तिने विचारले की, मग आता मी काय घेऊ.

"ज्याच्यावर काम नीट होईल ते घे," अण्णा म्हणाले. "रंग, आवाज, पडद्याचा आकार, तुझी पाठ, तुझे डोळे, एवढंच बघून ठरव. यंत्राकडे त्यापलीकडे काही मागू नकोस. माणसापाशी बसायचं काम त्याला जमत नाही. ते हलकं असो की जड."

शर्वाणी उठली नाही. तुमच्या पत्नीचे नाव काय होते, असे तिने विचारले. चार वर्षांत तिनेही हे कधी विचारले नव्हते. अण्णांनी सांगितले, विमल. मग ती कशी होती, हे सांगायला त्यांनी सुरुवात केली. सुरुवातीला फारसे आठवेना. त्या तीन महिन्यांतले तर जवळजवळ काहीच आठवेना, कारण ते तिथे नव्हतेच. जे होते ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांचे होते. विमलबाईंना उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला आवडे. भाजीत मीठ कमी झाले की त्या स्वतःवरच रुसत. त्या फार सुरेख शिवण शिवत आणि टाके मोजताना ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत. अण्णा थांबत, पुढचे शोधत, पुन्हा बोलू लागत. शर्वाणी दिवेलागणीपर्यंत ऐकत बसली. तिचा फोन दोनदा वाजला, तो तिने पाहिला नाही.

व्यापाऱ्याचा माहितीपट तिनेच पुरा केला. समारंभात लोकांनी टाळ्या वाजवल्या. गूळ ओतण्याच्या दृश्यापाशी सभागृहातून बाहेर जाऊन उभ्या राहिलेल्या मुलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. अण्णा शेवटच्या रांगेत बसले होते. तेही उठून तिच्यामागे गेले आणि दोघे दाराबाहेर उभे राहिले.

माझ्या व्याख्यानांत ही गोष्ट सांगितली की, शेवटी तिने काय घेतले, असे श्रोते मला हमखास विचारतात. माहितीपटाचे पैसे आल्यावर तिने कॉम्प्युटर घेतला. तिच्या कामाला मोठा पडदा हवा होता. दुसरे काही कारण नव्हते. दुपारी चार वाजता ती तो बंद करते आणि आईजवळ जाऊन बसते. आईला फारसे काही बोलायचे नसते. तरी ती बसते.