कोल्ह्याच्या शेपटीला लागलेला मध

डोंगरउतारावरच्या रानात एका कलत्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. 'ढोली माझी' असे म्हणत एक कोल्हा त्यांच्यावर मालकी गाजवी. मुलांनो, हा कोल्हा मध विकत नसे बरं का! तो पळसाची पाने विकायचा. 'हे पान म्हणजे पुढच्या मोसमातला मध' असे तो सांगे. रानातल्या एका अस्वलाने अशी पाने ढीगभर घेऊन ठेवली होती. भाव चढला की ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, एवढाच त्याचा उद्योग.

भर उन्हाळ्यात कोल्ह्याने फर्मान काढले, "दारात बसून नुसते पंख हलवणाऱ्या माश्या उद्यापासून बंद! खाणारी तोंडे घटली, की मध जास्त उरेल आणि पानांचा भाव वाढेल." या पंखेवाल्या म्हणजे फुलांवर फिरून पंख झिजलेल्या थोरल्या माश्या. बाहेर काढल्यावर त्या चार दिवसही जगल्या नसत्या.

पोळ्यातल्या सर्वांत चपळ माशीला कोल्हा हळूच म्हणाला, "बाई, तू कशाला काळजी करतेस? त्यांचा वाटा तुलाच देईन." क्षणभर तिला मोह झाला, खोटे कशाला सांगू! पण ती घरी आली तेव्हा एक म्हातारी पंखेवाली म्हणाली, "दमलीस ना गं? बस जरा." आणि फाटक्या पंखांनी तिला वारा घालू लागली. चपळ माशीला स्वतःच्या पंखाची झिजू लागलेली कड दिसली आणि तिला भारी लाज वाटली. "मावशी, तुम्ही गेलात तर मीही कामाला जाणार नाही," ती म्हणाली. "मीही नाही!" दुसरी म्हणाली. बघता बघता सगळ्या माश्या उडून समोरच्या फांदीवर जाऊन बसल्या.

ऊन तापले. वारा घालून पोळे थंड ठेवायला कुणी नाही म्हटल्यावर मेण मऊ पडले आणि मध गळू लागला. त्यात माश्यांचाही वाटा होता, तरी एकही हलली नाही. मधच उरला नाही तर पाने काय कामाची, म्हणून अस्वलाने ती आणून कोल्ह्याच्या तोंडावर फेकली. घाबरलेला कोल्हा खोडावर चढून शेपटीनेच वारा घालू लागला, पण एका शेपटीने काय होणार? ती मधात पुरती बरबटली. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "बायांनो, परत या! कुणालाच काढत नाही."

"यापुढे आम्हा सगळ्यांना विचारल्याशिवाय कुणालाही काढायचे नाही. कबूल?" चपळ माशीने विचारले.

"कबूल, कबूल!"

म्हातारी पंखेवाली सर्वांत आधी दारात जाऊन बसली आणि पंख पुन्हा घुमू लागले. खाली कोल्हा शेपटी चाटत होता. इतकी वर्षे मधाचा व्यापार करून त्याने मध चाखला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

तात्पर्य : ज्यांचे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, त्यांच्यासाठी सगळे एकत्र उभे राहिले, तरच सगळ्यांचे घर टिकते.